दोघांनी उचलायचा टोप

मी टोप बोलतोय. निळ्या इनॅमलचा, अंगभर पांढरे ठिपके असलेला, दोन कानांचा मोठा टोप. सध्या माझा मुक्काम गॅरेजच्या मागच्या भिंतीशी आहे, जिथे ऊन दुपारनंतर फिरकतसुद्धा नाही. बुडाला भोकं आहेत, पोटात माती आहे आणि मातीत जिरेनियमचं एक रोप आहे. ते फुलायचं नाव घेत नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी असतो तर मीही फुललो नसतो.

तुम्ही म्हणाल, म्हातारा टोप कुरकुरतोय. कुरकुरतोच आहे. जन्मभर माझ्या पोटात कडू फुलं उकळली, आता गोड बोलणं कुठून आणू?

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या पत्र्याला आकार दिला, निळ्या मुलाम्यात बुचकळलं आणि भट्टीतून काढलं. दुकानाच्या फळीवर फार दिवस बसावं लागलं नाही. व्हर्नाच्या आईने मला उचललं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि घरी आणलं. तेव्हापासून ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या बरण्या, सप्टेंबरमध्ये काकड्यांच्या बरण्या, आणि बाकीचं वर्ष जिन्याखालचा अंधार. काम थोडं होतं, पण मान होता. मी बाहेर निघालो की घरात सण असायचा.

म्हातारी गेली तेव्हा तिची लेक व्हर्ना मला आपल्या घरी घेऊन आली, इथे विस्कॉन्सिनमध्ये, कागदाच्या गिरणीच्या गावात. तिचा नवरा लाइल नोव्हाचेक गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. माणूस कामसू, हाताला चांगला, पण एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर काढणं कठीण. व्हर्नाचा धाकटा भाऊ गॉर्डी त्याच गावात शाळेची बस चालवायचा. त्याचं लग्न टिकलं नव्हतं. त्यामुळे शनिवार-रविवार त्याचं ताट बहिणीकडेच असायचं.

हे सगळं सुरू केलं ते गॉर्डीने, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे ते विसरणार आहेत. एका नाताळात तो लाइलसाठी एक खोकं घेऊन आला. खोक्यात माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या, पाकाचा डबा, वाळलेल्या हॉप्सच्या कडू फुलांची पुडी, यीस्ट आणि एक पांढरी बादली होती.

"ताई, तो टोमॅटोचा टोप काढ," गॉर्डी म्हणाला.

"त्यात बिअर करणार? आईला कळलं असतं तर?"

"आईला कळलं असतं तर तिने आधी ग्लास मागितला असता."

व्हर्ना हसली आणि मला जिन्याखालून बाहेर काढलं. माझं दुसरं आयुष्य तिथून सुरू झालं, आणि तेच माझं खरं आयुष्य.

बिअरचा काढा कसा होतो ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. पाणी तापवायचं, माल्ट विरघळवायचं, मग हॉप्सची फुलं टाकून तासभर खळखळ उकळायचं. उकळी फुटते तेव्हा काढा दुधासारखा उतू जातो. त्यामुळे दोघांपैकी एक जण सतत माझ्या तोंडावर फुंकर घालत, लाकडी कालथा हलवत उभा राहायचा. दुसरा त्याला टोमणे मारायचा. मग हा थकला की तो.

पण खरी कसोटी उकळण्यात नाही, गार करण्यात असते. काढा झटकन गार झाला नाही तर बिघडतो. आमच्याकडे हिवाळ्यात मागच्या दारी कमरेएवढा बर्फ साठतो. गार करायला तो बर्फाचा ढिगारा फुकट पडलेला. फक्त मला तिथपर्यंत न्यायचं. काठोकाठ उकळता काढा भरलेला मी एका माणसाला उचलत नाही. एक कान लाइलने धरायचा, दुसरा गॉर्डीने. लाइल चुलीवरचे जाड हातमोजे घालायचा. गॉर्डीला मोज्यांनी पकड येत नसे. त्याने त्याच्या बाजूच्या कानाला सुतळी घट्ट गुंडाळून ठेवली. ती सुतळी अजून आहे. तो गॉर्डीचा कान.

दोघं खेकड्यासारखे तिरके चालत मागच्या दाराने निघायचे. पुढचा मागे न बघता सांगायचा, "पायरी." मागचा म्हणायचा, "पायरी." पुन्हा "पायरी." आणि शेवटी दोघं एकदम, "बर्फ." मग मी फुस्स करत बर्फात बसायचो आणि ते दोघं हात झटकत, नाकातून वाफा सोडत माझ्याकडे बघत उभे राहायचे. मी बढाई मारत नाही, पण त्या वेळी त्या दोघांच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. व्हर्नाच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

एका जानेवारीत लाइलचा पाय पायरीवरच्या गोठलेल्या पाण्यावरून सटकला. तो खाली बसला आणि त्याचा कान सुटला. मी त्याच्या छातीवर कलंडणार होतो, उकळत्या काढ्यासकट. गॉर्डीने मला सोडलं नाही. त्याने दुसरा हात माझ्या बुडाखाली घातला आणि मला स्वतःकडे ओढलं. काढा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. माझा काठ दगडावर आपटला आणि एक टवका उडाला. गॉर्डीच्या हातावरचा व्रण आणि माझ्या काठावरचा टवका एकाच दिवसाचे आहेत.

"सोडला का नाहीस, गाढवा?" लाइल बर्फात बसूनच म्हणाला.

"अर्धी बिअर माझी आहे," गॉर्डी म्हणाला. मग त्याने हात बर्फात कोपरापर्यंत खुपसला.

त्या दोघांत एकच नियम होता. बिअर तयार झाली की पहिला ग्लास दोघांनी तळघरात उभ्याउभ्या प्यायचा. दोघांपैकी कुणीही एकाने "ओत" म्हटलं की ओतायची. वाद नाही, चर्चा नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं नाही. मग ती बादली दोघांनी धरायची आणि कुंपणाजवळच्या रूबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात रिकामी करायची.

हा नियम मोडायचा प्रसंगच कधी आला नाही, असं समजू नका. सुरुवातीला त्यांनी जे काही केलं त्यातलं बरंचसं रूबार्बने प्यायलं. व्हर्ना म्हणायची, "यंदा रूबार्बचे देठ नीट उभे राहत नाहीत, झिंगलेत." लाइलला कधीकधी वाटायचं की जरा दिवस ठेवली तर सुधारेल. गॉर्डी ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "ओत." लाइल तोंड वाकडं करायचा, पण बादली उचलायचा. एकदा गॉर्डीला फार आवडलेली बिअर लाइलने ओतायला लावली. तेव्हा गॉर्डी आठवडाभर त्याला "न्यायाधीश साहेब" म्हणत होता. पण त्यानेही बादली उचलली होती.

आणि म्हणूनच त्यांची बिअर हळूहळू चांगली होत गेली. वाईट ती ओतली गेली, चांगली कशी जमली ते लक्षात राहिलं. बाटल्या भरायच्या दिवशी व्हर्ना नळी धरायची, गॉर्डी बुचं ठोकायचा, आणि व्हर्ना-लाइलची पोर टेसा ओल्या फडक्याने बाटल्या पुसून खोक्यात लावायची. टेसा माझ्यासमोर मोठी झाली. आधी स्टुलावर चढून माझ्यात डोकावायची, मग कोपरं टेकून, मग नुसती मान वाकवून.

आता कडू भाग. उरलेला सगळाच कडू आहे.

जिल्ह्याच्या जत्रेत त्यांच्या तपकिरी बिअरला निळी फीत मिळाली, म्हणजे पहिलं बक्षीस. फीत घ्यायला लाइल एकटा गेला. गॉर्डीची त्या दिवशी बसची पाळी होती. घरी आल्यावर लाइलने फीत स्वयंपाकघरात टांगली आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, "परीक्षक म्हणाला, कुणी केली? मी म्हटलं, मी." गॉर्डी समोरच बसला होता, बटाटे वाढून घेत होता. त्याने डाव जरा वेळ हवेत धरला, मग बटाटे वाढून घेतले. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी ओट्यावर पालथा होतो.

मग टेसाचं लग्न ठरलं. मे महिन्यात, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, दोनशे माणसं. लाइल उभा राहिला आणि जाहीर केलं, "माझ्या पोरीच्या लग्नात दुकानातली बिअर येणार नाही. सगळ्या हॉलला मी माझी बिअर पाजणार."

"बाबा, एवढी?" टेसा म्हणाली.

"एवढी."

माझ्याने एवढी होणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. मी पाच गॅलनचा जीव. लाइलने मासेमारीची बोट विकली. त्या बोटीला दर वसंतात गॉर्डी रंग द्यायचा, पण विकताना त्याला विचारायची गरज लाइलला वाटली नाही. त्या पैशांतून गॅरेजमध्ये सामान यायला लागलं. पोलादाची तीन प्रचंड भांडी आली, एकेकात माझ्यासारखे सहा मावतील. त्यांना बसवायला लाइलने स्वतः लोखंडाची चौकट जोडली. खाली भट्टीसारख्या घोंगावणाऱ्या तीन शेगड्या. इकडचं तिकडे न्यायला पंप. गार करायला तांब्याचं वेटोळं. आणि आंबवायला लाइलच्या छातीएवढं उंच, खाली निमुळतं होत गेलेलं पोलादी पिंप. ती तीन भांडी गॅरेजमध्ये आली तशी नव्या सुनांसारखी चकाकत उभी राहिली. मला कुणी ओळखही करून दिली नाही. माझी रवानगी फळीवर झाली आणि माझ्यात नळ्या, चिमटे आणि फडकी कोंबली.

मला मत्सर वाटला का? वाटला. पण मला त्या भांड्यांचा राग नव्हता. त्यांना कान होते, पण नावापुरते. ती कधी उचलायचीच नव्हती. सगळं पंप करणार. लाइल फार अभिमानाने सांगायचा, "आता एक माणूस पुरतो." तो हे वाक्य आनंदाची बातमी म्हणून सांगायचा, त्याचं मला अजून नवल वाटतं.

पहिल्या मोठ्या घाण्याच्या दिवशी गॉर्डी नेहमीसारखा सकाळी आला. हातात सॉसेजची पुडी, जुना कोट, बाह्या आधीच दुमडलेल्या. गॅरेजमध्ये तिन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या.

"बोल, कुठून धरू?" तो म्हणाला आणि पहिल्या भांड्याकडे गेला.

"हात लावू नकोस. पंप चालू आहे."

"बरं. हलवू का?"

"त्याची गरज नाही. नळी फिरतेय आत."

"मग मी काय करू?"

"बस ना. बघ कसं चालतंय ते."

गॉर्डी उलट्या बादलीवर बसला. जरा वेळाने उठला, खिडकीशी गेला, परत बसला. उकळी आली तेव्हा सवयीने फुंकर घालायला वाकला. पण ते भांडं एवढं खोल होतं की त्याची फुंकर फेसापर्यंत पोचलीच नाही. लाइलने नळ जरा फिरवला आणि फेस बसला. "पाहिलंस?" लाइल म्हणाला. गॉर्डी म्हणाला, "पाहिलं." सॉसेजची पुडी तशीच न उघडता राहिली. त्यानंतर शनिवारी त्याला बसची काही ना काही कामं निघायला लागली.

आणि लाइलची चूक तिथेच होती, काढ्यात नाही. त्याने आमच्या तपकिरी बिअरचं सगळं सहापट केलं. माल्ट सहापट, फुलं सहापट, यीस्ट सहापट. पण आमची बादली तळघरातल्या थंड फरशीवर बसून निवांत आंबायची, आणि ती फरशी काही सहापट करता येत नाही. थोडा काढा आंबताना त्याची ऊब इकडेतिकडे निघून जाते. पिंपभर काढा एकाच पोटात आंबायला लागला की स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. बाहेरून पोलाद चकचकीत दिसत होतं, आत यीस्टला ताप भरला होता. बादलीवर रोज सकाळी हात ठेवून बघायची दोघांची सवय होती. बस सुटायच्या आधी गॉर्डी तळघरात डोकावून जायचा. आता डोकावायला कोण होतं? लाइलने झाकण लावलं, दिवा मालवला आणि आठवड्याने परत आला.

बिअरला नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येत होता. पहिल्या घोटालाच घसा पोळायचा. लाइलने ग्लास उजेडाकडे धरला आणि स्वतःशीच म्हणाला, "कोवळी आहे अजून. बसेल." व्हर्नाला पाजली. तिने घोट घेतला, ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाली, "वेगळी लागतेय, नाही?"

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. भाजी फसली तर वेगळी झाली, पडद्यांचा रंग फसला तर वेगळा आहे, जावई फसला तरी वेगळा आहे. नवऱ्याच्या बिअरबद्दल व्हर्ना यापुढे एक अक्षर बोलणार नव्हती. तिने भावाला फोन केला.

गॉर्डी आला. कोटही काढला नाही. लाइलने नळ सोडून ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. गॉर्डीने वास घेतला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. माझ्या शेजारच्या फडक्याने ओठ पुसले.

"ओत," तो म्हणाला.

मी त्या शब्दाची वाट बघत होतो. एवढं मोठं गॅरेज, एवढं पोलाद, आणि त्या एका शब्दाने सगळं परत जागेवर येणार होतं असं मला वाटलं. मी किती भोळा.

"अख्खं पिंप आहे, गॉर्डी," लाइल म्हणाला.

"दिसतंय मला."

"पाच गॅलन ओतून टाकता येतात. एवढी नाही ओतता येत. लग्नाला महिना राहिलाय."

"महिना पुष्कळ आहे. हा टोप खाली काढ. मी रोज संध्याकाळी बस लावली की येतो. पाच-पाच गॅलन करत जाऊ, होईल तेवढी."

"तेवढ्यात दोनशे माणसं? हसतील लोक."

"एकेक घोट देऊ. टेसाच्या नावाने एक घोट पुरे. पुढे ज्याला जे हवं ते पिऊ दे. पण तो एक घोट चांगला असू दे, लाइल. ही नको. पोरीचं लग्न आहे."

लाइल पिंपाकडे बघत होता. मी त्याला ओळखतो. त्याचा हात माझ्या कानाकडे येता येता थांबला, हे मी बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या उडालेल्या टवक्याकडे, आतल्या नळ्यांकडे. मग त्याची मान ताठ झाली.

"तुला काय जातंय ओत म्हणायला? तू कुठे हात लावलायस या बिअरला?"

गॉर्डीने ग्लास धरलेला हात खाली घेतला. बाही वर सरकली होती आणि तो व्रण दिसत होता, मनगटापासून कोपरापर्यंत. लाइलने तो बघितला. बघून नजर वळवली.

"तूच लावू दिला नाहीस," गॉर्डी म्हणाला.

"ज्याने केली तो ठरवेल."

"बरं," गॉर्डी म्हणाला. भरलेला ग्लास त्याने माझ्या शेजारी फळीवर ठेवला आणि गेला. तो ग्लास पुढे कितीतरी दिवस तिथेच होता. त्यात माश्या पडल्या, तरी कुणी उचलला नाही.

लग्नाला मीही गेलो. आमंत्रण होतं म्हणून नाही. सोड्याचे डबे गार ठेवायला बर्फ भरून नेलं, एवढंच. मला हॉलच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकघराजवळ ठेवलं होतं, आणि तिथून सगळं दिसत होतं. एका टेबलावर लाइलची बिअर भरलेली छोटी पिंपं मांडली होती. वर टेसाच्या मैत्रिणींनी पाटी लावली होती, "बाबांची बिअर". लाइल नव्या सुटात, छातीला फूल लावून, स्वतः नळ सोडत होता.

लोक आले, ग्लास भरून घेतले, एक घोट घेतला.

"वेगळी आहे हो, लाइल."

"वेगळीच चव आहे, नाही?"

"असली कधी प्यालो नव्हतो."

लाइल प्रत्येकाला मान डोलवत होता. मग लोक खांबाआड, खिडकीत, फुलदाणीमागे, मिळेल तिथे ग्लास ठेवायचे आणि हॉलच्या बारवर विकतच्या बिअरसाठी रांग लावायचे. ती रांग नाचाच्या जागेपर्यंत आली होती. लाइलची पाठ रांगेकडे होती. मुद्दाम होती की काय, कोण जाणे.

टेसाने मात्र सगळं बघितलं. पांढऱ्या झग्याचा घोळ एका हातात धरून ती टेबलांवरून फिरायला लागली. लोकांना वाटलं, नवरी पाहुण्यांची विचारपूस करतेय. ती भरलेले ग्लास गोळा करत होती. दोन-दोन, तीन-तीन ग्लास घेऊन ती मागच्या दाराशी यायची आणि माझ्यात रिकामे करायची. मग रिकामे ग्लास परत नेऊन टेबलांवर ठेवायची, बापाला दिसतील असे. माझ्यातला बर्फ वितळला होता, सोड्याचे डबे संपले होते. मी हळूहळू त्या बिअरने भरत गेलो. बापाची लाज राखायला त्या पोरीने स्वतःच्या लग्नाची संध्याकाळ भांडी रिकामी करण्यात घालवली. मी तिच्या आजीचा टोप. मला तेव्हा जे वाटलं ते सांगताना अजून जड जातं. एवढी कडू चीज माझ्या पोटात कधी पडली नव्हती.

मी काठोकाठ भरलो तेव्हा तिने मला बाहेर न्यायला ओढून बघितलं. मी हललो नाही.

"सोड, झगा खराब होईल," गॉर्डी म्हणाला. तो सगळा वेळ तिथे कोपऱ्यातच उभा असावा.

"मामा, एकटीला नाही उचलत."

"मला सांगतेस?"

त्याने त्याचा कान धरला. सुतळीवर त्याची बोटं पूर्वी बसायची तिथेच बसली. टेसाने लाइलचा कान धरला. दोघं तिरके चालत दाराबाहेर पडले.

"पायरी," गॉर्डी म्हणाला.

"पायरी," टेसा म्हणाली. तिला ते लहानपणापासून ठाऊक होतं. "मामा, बर्फ नाहीये."

"गवत म्हण."

हॉलच्या मागे गवतावर त्यांनी मला कलतं केलं. निम्मी बिअर गेली असेल, तेवढ्यात मागचं दार उघडलं. लाइल उभा होता. छातीवरचं फूल कोमेजून खाली आलं होतं.

"पिंप संपत का नाही ते..." एवढं म्हणून तो थांबला. त्याने टेसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गवतावरच्या फेसाकडे बघितलं. त्याला कळलं.

"बाबा," टेसा म्हणाली, आणि त्याच्याकडे जायला तिने कान सोडला.

मी एका बाजूला कललो. गॉर्डीने मला तोलून धरलं. एकटा, त्या व्रणाच्या हाताने. तो म्हणाला नाही की बघ, मी सांगत होतो. नुसता लाइलकडे बघत उभा राहिला. लाइलचा कान मोकळा होता. एका पावलावर होता. लाइलने तो धरला असता, दोघांनी मिळून उरलेली बिअर ओतली असती, तर बाकी सगळं धुऊन निघालं असतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. टेसाही तेच बघत होती. तिने बापाच्या बाहीला धरून हलकंच पुढे ओढलंही.

लाइलने बाही सोडवून घेतली. "केक कापायचाय. आत चल," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गॉर्डीने मला गवतावर हळूच टेकवलं. तो केकला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी लाइलने उरलेली सगळी बिअर ओतली. नळी गटाराला लावली आणि पंप चालू केला. ओतायलाही त्याला दुसरा माणूस लागला नाही.

त्यानंतर त्या पोलादावर ताडपत्री पडली ती पडलीच. काही दिवसांनी लाइलने ड्रिल आणलं, मला पालथं घातलं आणि बुडाला भोकं पाडली.

"अरे, माझ्या आईचा टोप आहे तो," व्हर्ना दारातून म्हणाली.

"गळतोच नाहीतरी. झाड लाव त्यात."

मी गळत नव्हतो. टवका उडाला होता, पण मी एक थेंब गळत नव्हतो. लाइललाही ते माहीत होतं. मी धड राहिलो असतो तर कधीतरी कुणीतरी म्हटलं असतं, चला, काढूया पाच गॅलन. ते त्याला नको होतं.

रोज सकाळी पिवळी बस घरासमोरून जाते. पूर्वी गॉर्डी भोंगा वाजवायचा, टेसाची शाळा संपून ती मोठी झाली तरी वाजवायचा. आता बस नुसती जाते. व्हर्ना खिडकीशी कप घेऊन उभी असते, ते मला कप ठेवल्याच्या आवाजावरून कळतं.

माझं एकच मागणं आहे. तुमच्याकडे एखादं असं काम असेल की जे एकट्याला जमत नाही, तर त्यावर घाईने उपाय शोधू नका. ते जड आहे म्हणूनच कुणीतरी शनिवारी सकाळी तुमच्याकडे येतं.

काल व्हर्ना म्हणाली, "लाइल, तो टोप जरा उन्हात ओढ ना. झाड मरेल."

लाइल आला. त्याचे गुडघे आता बोलतात. मातीने भरलेला मी पूर्वीइतकाच जड आहे. त्याने वाकून त्याचा कान धरला, आणि सवयीने थांबला. समोर बघितलं. समोर सुतळी गुंडाळलेला कान होता, त्याच्यामागे कुंपण आणि रूबार्बचा वाफा. तो इतका वेळ तसाच वाकून राहिला की मी घाबरलो.

"गॉर्डीला बोलव की," व्हर्ना आतून म्हणाली. अगदी सहज, जणू काही झालंच नव्हतं.

लाइलने कान सोडला. "हातगाडी आहे ना आपल्याकडे," तो म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला.

तो अजून आलेला नाही. गॉर्डी, तू कधी या बाजूला आलास तर तुझा कान जागच्या जागी आहे. सुतळी तेवढी सैल झाली आहे.